बावखलातील मरळ आणि परदेशी शिकारी मासे

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात गिरीज, नंदाखाल, भुईगाव अशा गावांतून फिरताना वाड्यांलगत लहानमोठी तळी आढळतात. यांस स्थानिक भाषेत बावखल म्हणतात. पावसाळ्याचे गोडे पाणी साठवून ते केळी व पानवेलीच्या बागांना पुरविणे आणि भूगर्भातील पाणी गोडे राखणे, हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कार्य होय. समुद्र एवढा निकट असताना या गावांच्या विहिरी गोड्या राहिल्या, यात बावखलांचा वाटा मोठा आहे. यांपैकी बरीच बावखले आज बुजली आहेत. जी उरली आहेत त्यांत पाण्याबरोबर मासेही आहेत, आणि त्या माशांचा राजा म्हणजे मरळ.

मरळ हा पूर्णतः मांसाहारी मासा. पाणवनस्पतींच्या आडोशाला तो निश्चल पडून राहतो आणि टप्प्यात आलेला लहान मासा, बेडूक वा किडा एका झेपेत गिळतो. कल्ल्यांखेरीज हवेतील प्राणवायू घेण्याची सोय त्याच्या शरीरात असल्याने उन्हाळ्यात पाणी आटले तरी तो ओल्या चिखलात तग धरतो. गळाला लागल्यावर तो अशी झुंज देतो की, गळ टाकून बसण्याचा छंद ज्यांना आहे त्यांना दुसरा मासा रुचत नाही. तेलंगण राज्याने २०१६ मध्ये मरळीलाच आपला राज्यमासा ठरविले, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

उत्तर अमेरिकेत हेच स्थान ‘लार्जमाउथ बास’ या माशाला आहे. हिरवट रंग, कुशीवर काळसर पट्टा आणि डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेला जबडा ही त्याची ओळख. १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात सुमारे दहा किलोचा बास पकडला गेला. त्या विक्रमाची बरोबरी थेट २००९ मध्ये झाली, तीही जपानच्या बिवा सरोवरात. अमेरिकेतील मासा जपानमध्ये कसा, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. १९२५ मध्ये आशी सरोवरात तो हौसेने आणून सोडण्यात आला आणि पुढे देशभर पसरला. स्थानिक माशांची हानी एवढी वाढली की २००५ मध्ये कायद्याने तो पाळणे, नेणे वा सोडणे यांवर बंदी घालावी लागली. ग्वाटेमालातील आतित्लान सरोवरात १९६० च्या सुमारास पर्यटकांसाठी हाच मासा सोडला गेला. त्याने तेथील लहान मासे व खेकडे फस्त केले. त्याच सरोवरात राहणारा एक पाणपक्षी अन्नाच्या टंचाईने व अन्य कारणांनी पुढे जगातून नाहीसा झाला.

आपल्याकडील तळ्यांत बासचा प्रश्न नाही. आपला प्रश्न मांगुराचा आहे. देशी मांगूर निराळा, आकाराने लहान. आफ्रिकेतून आलेला मांगूर मीटरभर वाढतो, हवेत श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि मिळेल ते खातो. भारत सरकारने २००० मध्ये त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. तरीही चोरून पैदास चालूच राहिल्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये तो नष्ट करण्याचे आदेश दिले. चिलापीची गोष्ट थोडी वेगळी. १९५२ मध्ये ती अन्नोत्पादनासाठी आणली गेली. मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे एकदा शिरलेली चिलापी तळ्यातून काढणे जवळजवळ अशक्य असते.

येथे एक आक्षेप संभवतो. मरळही शिकारीच, मग तिचे कौतुक कशासाठी? आक्षेप खोटा नाही. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडण्यापूर्वी तळ्यात मोहाची पेंड टाकून मरळीसारखे मासे काढावेत, असेच मत्स्यशेतीचे शास्त्र सांगते. ठेक्याने दिलेल्या तलावाला ते लागू आहे. बावखलाला मात्र हा उपाय करू नये, असे आम्हास वाटते. येथील लहान मासे, बेडूक आणि मरळ यांचा मेळ फार जुना आहे. आणि पेंडीचे विष मरळीवरच थांबत नाही. मासे सोडावयाचेच असतील तर बारीक बीजाऐवजी चांगली वाढलेली बोटुकली सोडावी, म्हणजे ती मरळीच्या तोंडी सहसा जात नाही. बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे, कारण स्वस्त बीजाच्या पिशवीत परके मासे मिसळून येण्याचा धोका असतो.

खरी हानी होते ती वलगणीत. पहिल्या जोराच्या पावसात मासे ओढ्यांतून शेतांकडे चढतात, आणि अंड्यांनी भरलेली मादी तेव्हाच हाती लागते. वलगणीचे मासे ही आपल्याकडील आवडीची गोष्ट. सर्वस्वी सोडा असे कोण म्हणेल? परंतु त्यानंतरच्या दिवसांत पाण्यावर तांबूस-नारिंगी पिलांचा थवा एकत्र फिरताना दिसतो, त्याच्या खाली मरळीची जोडी राखण करीत असते. ती जोडी पकडली की सारा थवा काही वेळातच इतर माशांच्या पोटात जातो. शिक्षकांनी मुलांना हा थवा तळ्याकाठी नेऊन दाखवावा. ग्रामपंचायतींनी तो दिसत असेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, त्या तळ्यात जाळे टाकू देऊ नये.