स्वार परतले, घोडे राहिले

दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातून आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. मध्यभागी खांबाभोवती तीन ब्राँझचे शिपाई उभे आहेत. १९२२ साली उभारलेले हे स्मारक जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या संस्थानांच्या लान्सर पलटणींचे. लान्सर म्हणजे भाला घेऊन लढणारा घोडेस्वार. पण हे तिघेही आपल्या पायांवर उभे. घोडा त्यांत नाही! मला ही गोष्ट पहिल्यांदाच खटकली होती, आणि पुढे हायफाच्या लढाईचे आकडे वाचले तेव्हा तर फारच.

ती लढाई २३ सप्टेंबर १९१८ ची. पॅलेस्टाइनमधले हायफा बंदर तुर्कांच्या ताब्यात होते. एका अंगाला कार्मेलचा डोंगर, दुसऱ्या अंगाला किशोन नदीची दलदल आणि समोर तोफा व मशीनगनी. म्हैसूरचे स्वार डोंगरावरच्या तोफांवर चालून गेले, जोधपूरच्या स्वारांनी सरळ शहरात घोडी घातली. तेराशेंवर कैदी हाती लागले. आपली आठ माणसे पडली, त्यांत जोधपूरचे मेजर दलपतसिंग होते. आणि घोडे? साठ मेले, त्र्याऐंशी जखमी झाले. मशीनगनीसमोर घोडा म्हणजे स्वाराच्या पुढे धरलेली ढालच की हो!

याच मोहिमेत ऑस्ट्रेलियन स्वारांच्या हाताखाली जे घोडे होते त्यांना ‘वेलर’ म्हणत. न्यू साउथ वेल्समधून आले म्हणून वेलर. हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेसाठी हे जनावर बोटीने मद्रास-कलकत्त्याला उतरे, आपल्या मुंबई बंदरातही येई. दिसायला काही राजबिंडे नव्हे, पण काटक. स्वार, खोगीर, बंदूक, काडतुसे, दाण्याची पिशवी मिळून सव्वाशे किलोंच्या वर ओझे घेऊन वाळूतून चालत राही.

कित्येक तरुण घरचाच घोडा घेऊन भरतीला आले. घोडा पसंत पडला की सरकार तो विकत घेई आणि पुन्हा त्याच तरुणाच्या हाती देई. आपल्या जुन्या फौजेच्या भाषेत सांगायचे तर शिलेदार म्हणून आला आणि बारगीर झाला! स्वतःच्या घोड्यावर लढणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हे आपण शाळेत पाठ केले. त्या पोरांना मात्र हा फरक पुढे फार महाग पडला.

३१ ऑक्टोबर १९१७ ला बीरशेबावर हल्ला झाला तो मुख्यतः तिथल्या विहिरींसाठी. कित्येक घोड्यांच्या पोटात दीड-दोन दिवस पाण्याचा थेंब नव्हता. दिवस कलला, उजेड संपत आला, तेव्हा सुमारे आठशे स्वारांना सरळ चढाईचा हुकूम मिळाला. या स्वारांजवळ तलवारीसुद्धा नव्हत्या. संगिनी हातात धरून ते दौडले. घोडी इतक्या वेगाने आली की तुर्कांना बंदुकांचे नेम खाली आणायला सवड मिळाली नाही. एकतीस स्वार मेले, घोडे सत्तरांच्या वर. पण विहिरी हाती आल्या.

युद्ध संपले आणि हिशेबाची वेळ आली. बोटींचे भाडे जबर, शिवाय परदेशातले रोग घरच्या जनावरांना लागण्याची धास्ती. सरकारचे अगदीच चुकले असे मला म्हणवत नाही. पण झाले ते असे: म्हातारी आणि अधू घोडी नाल उपटून, आयाळ-शेपटी कापून गोळीने मारली, लोखंडाला आणि केसांनाही किंमत येते ना! उरलेल्यांपैकी बरीचशी इंग्रजी व हिंदी पलटणींकडे गेली, काही विकली गेली. गरज सरो, वैद्य मरो! ऑस्ट्रेलियातून सव्वा लाखाच्या आसपास घोडे परदेशी धाडले होते. परत आला एक. त्याचे नाव सँडी. गॅलिपोलीच्या मोहिमेत मेलेल्या जनरल ब्रिजेसचा तो घोडा.

इंग्रजी फौजेनेही आपले हजारो घोडे कैरोच्या बाजारात विकले. १९३० साली डॉरथी ब्रुक नावाची एक बाई तिथे आली. नवरा घोडदळाचा ब्रिगेडियर. रस्त्यात गाड्या ओढणाऱ्या हाडे निघालेल्या घोड्यांच्या अंगावर तिला फौजेचा बाणाचा डाग दिसला. भर उन्हात चढावर घसरणारे टांग्याचे तट्टू ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ते दृश्य सांगायला नको. विशी उलटलेली ती जनावरे तेव्हाही कामाला जुंपलेली होती. मालक तरी काय करणार? त्याचे पोट त्याच घोड्यावर. बाईंनी त्याला शिव्या दिल्या नाहीत, पुरेशी किंमत दिली. १९३१ मध्ये ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये त्यांचे पत्र छापून आले आणि इंग्लंडातून पैसे येऊ लागले. तीन वर्षांत त्यांनी असे पाच हजार घोडे विकत घेतले. १९३४ मध्ये कैरोत त्यांनी जनावरांचे इस्पितळही काढले. तिथे गरीब गाडीवानाच्या घोड्याला फुकट औषध मिळे.

विकत घेतलेल्या घोड्यांपैकी बहुतेकांना वेदनेतून सोडवण्यापलीकडे इलाज नव्हता. पण त्याआधी त्यांना तबेल्यात आणीत, पोटभर पाणी व हिरवा बरसीम देत. बाईंनी लिहून ठेवले आहे की, दारातून आत येताना खुराखाली भुशाचा मऊ जाड थर लागला की ही म्हातारी घोडी थबकत. खाली मान घालून भुसा हुंगत. मग काहीतरी जुने आठवल्यासारखी पुढे होत आणि गव्हाणीत तोंड घालीत.