बाल्टिमोर २०१२ : नशीब की दम?

१९९८ ते २०११ अशी सलग १४ वर्षं बाल्टिमोर ओरिओल्स हा अमेरिकी बेसबॉल संघ जिंकला कमी, हरला जास्त. २०११चा हिशेब ६९ विजय, ९३ पराभव. पुढच्याच वर्षी तो बरोबर उलटा झाला : ९३ विजय, ६९ पराभव! हे टिकेल का, यावर सारा हंगाम वाद रंगला.

शंका घेणाऱ्यांच्या हाती आकडे होते. संघाने धावा केल्या ७१२, दिल्या ७०५. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांचं सूत्र सांगतं : केलेल्या धावांच्या वर्गाला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. येतो तो विजयांचा अपेक्षित वाटा. त्या हिशेबाने १६२ सामन्यांत विजय निघतात ८२. मग उरलेले आले कुठून? एका धावेने सुटलेल्या सामन्यांतून. त्यांतले २९ जिंकले, फक्त ९ हरले. जादा डावांत गेलेल्या १८पैकी तर १६ जिंकले.

चाहते म्हणत, ही व्यवस्थापक बक शोवॉल्टर यांची करामत. शिवाय शेवटच्या डावात चेंडू हाती घेऊन जिम जॉन्सनने ५१ विजय राखलेत, ते काय उगाच? मात्र २०१३मध्ये एका धावेचे ३१ सामने निसटले आणि विजय ८५वर आले. तरी मला चाहत्यांचीच बाजू पटते. २०१४मध्ये ९६ विजयांसह ओरिओल्सनी आपला विभाग जिंकला, तेव्हा हंगामभरातली धावांची आघाडी होती ११२. म्हणजे ते यश निव्वळ नशिबाचं नव्हतं.