जमिनीखालच्या कंदाला पानाचा सांगावा

सोलापूरच्या बाजार समितीची ख्याती कांद्यासाठी आहे. बटाटा तेथे येतो तो बहुतांशी बाहेरूनच. आग्रा, इंदूर किंवा पुणे जिल्ह्यातील खेड-मंचर पट्ट्यातून. ज्वारी, तूर, ऊस, डाळिंब, द्राक्षे अशी पिके घेणाऱ्या या जिल्ह्याच्या शिवारात बटाट्याला जवळपास स्थानच नाही. वड्यापासून उपवासाच्या भाजीपर्यंत रोज लागणारे हे पीक येथे का रुजले नाही, असे विचारल्यास ‘हवा मानवत नाही’ हे ठरलेले उत्तर मिळते. उत्तर चुकीचे नाही. मात्र हवा मानवत नाही म्हणजे झाडाच्या आत नेमके काय बिघडते, याचा उलगडा गेल्या वीस-पंचवीस वर्षांतच होऊ लागला आहे आणि त्या कामात पुण्यातील एका प्रयोगशाळेचा महत्त्वाचा वाटा आहे.

बटाटा जमिनीखाली वाढत असला तरी तो मूळ नव्हे, ते खोड आहे. त्यावरचे डोळे म्हणजे खोडावर असतात तशा कळ्याच. झाडाच्या बुंध्यापासून जमिनीखाली आडवे फुटवे निघतात. अशा फुटव्याच्या टोकापुढे दोन वाटा असतात. एक तर ते वर वळून हिरवी फांदी होते, नाही तर लांब वाढणे थांबवून फुगू लागते आणि पिष्टमय पदार्थ साठवून कंद बनते. यातील कोणती वाट धरायची, हे त्या टोकाने स्वतः ठरवायचे नसते. तो निर्णय वर, उजेडात असलेली पाने घेतात.

ही गोष्ट कलमांच्या प्रयोगांतून सिद्ध झाली. बटाट्याच्या मूळच्या अँडीज पर्वतातील जातींना कंद धरण्यासाठी लांब रात्र लागते. रोज सोळा तास उजेड दिला तर त्या नुसत्याच पाल्याने माजतात. उजेड आठ-दहा तासांवर आणला की कंद धरू लागतात. १९५६ मध्ये ग्रेगरी आणि १९५८ मध्ये चॅपमन या शास्त्रज्ञांनी लांब रात्रीत वाढवलेल्या बटाट्याचे शेंडे, तशी रात्र न मिळालेल्या झाडांवर बांधून पाहिले. खालच्या झाडाला कंद धरले. पानांतून खाली काही तरी उतरत होते, हे त्यावरून स्पष्ट झाले. पुढे रशियन शास्त्रज्ञ चैलाख्यान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर फुलण्याच्या स्थितीतील तंबाखूचे कलम बटाट्यावर बांधले आणि तरीही कंद धरले. तंबाखूला कंद नसतो. म्हणजे तिच्या पानातील ‘फुलण्याचा’ निरोप बटाट्याच्या झाडाने ‘कंद धरण्याचा’ निरोप म्हणून वाचला होता!

हा निरोप कोणत्या पदार्थाचा आहे, हे कळण्यास मात्र बरीच वर्षे जावी लागली. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठात डेव्हिड हॅनापेल यांच्या प्रयोगशाळेने ‘एसटी-बेल-५’ या जनुकाचा माग काढला. या जनुकाचा संदेशवाहक आरएनए पानात तयार होतो, रसवाहिन्यांतून खाली उतरतो आणि फुटव्याच्या टोकाशी पोहोचतो. लांब रात्रीत हा प्रवास वाढतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात दाखवण्यात आले. त्या निबंधाचे पहिले लेखक अंजन बॅनर्जी पुढे पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे ‘आयसर’मध्ये आले आणि बटाट्याचे काम तेथे सुरू झाले. आरएनए हा पेशीच्या आतच आपले काम उरकणारा रेणू, अशी दीर्घकाळची समजूत होती. तो झाडाच्या शेंड्याकडून मुळाकडे टपालासारखा जातो, ही कल्पनाच त्या काळी नवी होती.

२०११ मध्ये दुसरा निरोप्या सापडला. ‘एसपी-६-ए’ नावाचे हे प्रथिन, इतर वनस्पतींना फुलोरा आणणाऱ्या प्रथिनाचे सख्खे भावंडच आहे. तंबाखूच्या कलमाचे कोडे त्यामुळे सुटले. त्याच वर्षी बटाट्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. ३९ हजारांहून अधिक जनुकांची ती यादी तयार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटात भारताचाही सहभाग होता.

आता सोलापूरकडे वळू. सोलापूर साधारण साडेसतरा अक्षांशावर आहे. डिसेंबरातील रात्र येथे सुमारे तेरा तासांची असते. शिवाय आज शेतात लावल्या जाणाऱ्या सुधारित जाती अँडीजमधील पूर्वजांइतक्या रात्रीच्या लांबीवर अडून बसत नाहीत. युरोपात बटाटा रुळला, तो ‘सीडीएफ-१’ या जनुकातील बदलांमुळे ही अट सैल झाली म्हणून, हे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. तेव्हा सोलापूरची अडचण रात्रीच्या लांबीची नाही; रात्रीच्या उष्म्याची आहे. कंद धरण्यास रात्रीचे तापमान साधारण १५ ते २० अंश सेल्सियस असावे लागते. त्यावर पारा गेला की झाड वर हिरवेगार दिसते आणि खणल्यावर हाती फारसे काही लागत नाही. सोलापुरात मार्चपासूनच रात्रीचे किमान तापमान वीस अंशांच्या वर राहू लागते आणि पावसाळ्यातही ते फारसे उतरत नाही.

उष्म्यात निरोप कोठे अडतो, याचे उत्तर जर्मनीतील एर्लांगेन-न्यूरेंबर्ग विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दिले. तापमान वाढले की झाडात एक अतिसूक्ष्म आरएनए वाढतो. तो ‘एसपी-६-ए’च्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्याचा नाश घडवतो. निरोप लिहिला जातो, पण पाकीट वाटेतच फाडले जाते. या सूक्ष्म आरएनएला निष्प्रभ केलेल्या झाडांनी उष्ण हवेतही कंद धरले. तापमानवाढीच्या काळात या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. आज जेथे बटाटा उत्तम येतो, तेथील रात्रीही तापू लागल्या आहेत.

मात्र एक कळ फिरवली की उत्पन्न वाढले, इतके हे सोपे नाही. याची जाणीव पुण्याच्याच प्रयोगांनी करून दिली. आयसरच्या गटाने राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने २०१४ मध्ये ‘मायक्रो-आरएनए १५६’ या रेणूचे काम दाखवले. हा सूक्ष्म रेणूही कलमाच्या सांध्यातून पलीकडे जातो. झाडात त्याचे प्रमाण मुद्दाम वाढवले, तेव्हा फांद्या वाढल्या, पाने लहान झाली आणि लांब रात्रीत चक्क पानांच्या बगलेत, जमिनीच्या वर, हवेत कंद लागले. जमिनीखालचे उत्पन्न मात्र घटले. याच गटाने २०२० मध्ये ‘एमएसआय-१’ आणि ‘बीएमआय-१’ ही दोन प्रथिने या रेणूवर हुकमत गाजवतात, असे दाखवले. यातून निघालेला अर्थ विलक्षण आहे. बटाट्याच्या झाडावरील जवळपास प्रत्येक कळीत कंद होण्याची क्षमता असते. झाड ती एरवी दाबून ठेवते आणि फक्त जमिनीखाली मोकळी सोडते. (छायेत, ओलसर हवेत किंवा बुंध्याला इजा झाल्यावर शेतातही असे हिरवे कंद फांदीवर लागलेले दिसतात, ते खाण्याजोगे नसतात.)

रोगांचा प्रश्न येथेच येऊन मिळतो. कंदाला हवी असलेली थंड, दवाची रात्र उशिरा येणाऱ्या करप्यालाही हवी असते. १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ घडवणारा हा रोग ‘फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स’ या बुरशीसदृश जीवामुळे होतो. ढगाळ, दमट हवा मिळाली तर तो हिरवे शेत आठवडाभरात काळे करतो. सोलापूरची कोरडी हवा त्याला मानवत नाही, ही जमेची बाजू. याउलट ‘बांगडी’ हा जिवाणूजन्य रोग उबदार जमिनीत फोफावतो. रोगट बटाटा कापला की आत तपकिरी कडे दिसते, म्हणून हे नाव. तो बेण्यातून आणि मातीतून पसरतो, आणि एकदा शेतात शिरला की हटवणे कठीण.

प्रतिकारक जाती तयार करण्याचे काम सिमल्याची केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मधील स्थापनेपासून करत आली आहे. या कामातील खाचखळगे ‘कुफरी ज्योती’च्या कहाणीत दिसतात. १९६८ मध्ये आली तेव्हा ही जात करप्याला दाद देत नसे; पुढे रोगकारकाने रूप बदलले आणि तिचे कवच भेदले गेले. बटाट्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी चार संच असतात, त्यामुळे हवा तो गुण नेमका पुढच्या पिढीत उतरवणे मुळातच जिकिरीचे. मेक्सिकोतील ‘सोलॅनम बल्बोकास्टॅनम’ या रानटी भाईबंदातील करपारोधक ‘आरबी’ जनुक २००३ मध्ये वेगळे करण्यात आले आणि सिमल्याच्या संस्थेने ते कुफरी ज्योतीत घालून चाचण्याही घेतल्या. अशा जनुकबदल बटाट्याची व्यावसायिक लागवड भारतात झालेली नाही. पुण्यातील बहुतेक प्रयोग तर अँडीजच्या जातीवर झालेले आहेत, बाजारातील वाणांवर नव्हेत. प्रयोगशाळेतून बांधापर्यंतचे अंतर त्यामुळे अद्याप लांबचे आहे.

तोवर सोलापूरसारख्या जिल्ह्यात हाताशी आहे तो थंडीचा अरुंद अवकाश. नोव्हेंबरात लागवड झाली तर कंद धरण्याचा काळ डिसेंबर-जानेवारीत येतो. त्या वेळी येथील किमान तापमान पंधरा अंशांच्या आसपास असते. महाराष्ट्राच्या पठारासाठी १९७२ मध्ये प्रसारित झालेली ‘कुफरी लवकर’ ही जात, नावाप्रमाणेच, झटपट पोसते. २००६ मध्ये आलेली ‘कुफरी सूर्या’ उष्म्याला अधिक तोंड देते. बेणे मात्र रोगमुक्त असल्याची खात्री करूनच घ्यावे लागते, आणि ते प्रामुख्याने उत्तरेकडूनच, विशेषतः पंजाबातून आणावे लागते. जमिनीची निवडही महत्त्वाची; भारी काळ्या रानात पाणी साचते आणि बटाटा वेडावाकडा होतो, मध्यम पोताच्या, निचऱ्याच्या जमिनीत तो गोलसर पोसतो.