उंदरासारखे दात, पण उंदीर नाही! दख्खनच्या लाव्हात सापडलेला ‘भारतथेरियम’ कोण?

नांदगाव पेठ परिसरात विहीर खोदली की काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो थरावर थर साचत गेला. त्याच काळात दख्खनमध्ये एक छोटा सस्तन प्राणी राहत होता. त्याचं नाव भारतथेरियम.

कुठे सापडला?

त्याचे फक्त सुटे दात मिळाले आहेत. दाढांची उंची एक सेंटिमीटरही नाही. पहिला दात १९८९ मध्ये तेलंगणातील नासकलजवळ मिळाला. बेळगाव जिल्ह्यातील गोकाकमध्येही एक सापडला. २००७ मध्ये दोन गटांनी त्याला दोन वेगळी नावं दिली. आधी छापून आलेलं ‘भारतथेरियम’ टिकलं.

लाव्हात जीवाश्म कसे?

दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचत, झाडं उगवत, प्राणी येत. तळ्यातल्या गाळावर पुढचा लाव्हा पसरे. अशा थरांना ‘आंतरट्रॅप’ थर म्हणतात. संशोधक ही माती भिजवतात, बारीक चाळणीतून धुतात आणि उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

मग हा उंदीर का नाही?

उंदीर-खारींचा गट डायनासोर संपल्यानंतरचा. भारतथेरियम त्याआधीचा, ‘सुदामेरिसिडी’ या नामशेष कुळातला. खरबरीत अन्न चघळून दात झिजतात, म्हणून दोन्ही गटांत उंच दात स्वतंत्रपणे विकसित झाले.

महत्त्व काय?

याच कुळातले प्राणी अर्जेंटिना आणि मादागास्करमध्येही सापडले. मादागास्करच्या ‘लव्हानिफी’शी भारतथेरियमचे दात सर्वांत जास्त जुळतात. भारत आणि मादागास्कर सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. म्हणजे आज समुद्राने तोडलेल्या भूभागांचं जुनं नातं हे इवलेसे दात सांगतात.

आपल्याकडे शक्यता आहे?

अमरावती जिल्ह्यातील सालबर्डी परिसरात लाव्हाखालच्या लमेटा थरांत डायनासोरचं हाड आणि अंडी सापडली आहेत. भारतथेरियमसारखे छोटे दात मात्र नुसत्या डोळ्यांना सहज लक्षात येत नाहीत. खदानीत गिट्टीसोबत असा थर फुटला, तर पुरावा कायमचा गेला.

तुम्ही काय कराल?

विहिरीत किंवा खदानीत दोन काळ्या थरांमध्ये पांढुरका किंवा हिरवट मातीचा पट्टा दिसला, तर फोटो काढा, फोनवर लोकेशन सेव्ह करा आणि विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. स्वतः खोदू नका. तुकडा नेमका कोणत्या थरातला, हे कळलं नाही तर त्याचं वय ठरवणं अवघड होतं.