पोशेरा, घोडेञा आणि चौतीस अक्षरं

'पोशेरा' हे मोखाडा तालुक्यातल्या एका गावाचं नाव घ्या. त्यातलं प्रत्येक व्यंजन वर्णमालेत 17 घरं पुढे ढकला, शेवट आला की पुन्हा 'क'पासून मोजा, काना-मात्रा मात्र जागच्या जागी राहू द्या. उत्तर येतं 'घोडेञा'. आता घोडेञा आणखी 17 घरं पुढे न्या, पोशेरा परत मिळतं. तिथल्या सातवी-आठवीच्या मुलालाही हे वहीच्या पानावर करता येतं, आणि कॉम्प्युटर हाताशी असेल तर पाच-सहा ओळींच्या पायथॉन प्रोग्रॅममध्ये. एवढ्या सोप्या गोष्टीभोवतीही बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : अक्षराच्या नंबरात एक मिळवला की पुढचं अक्षर येतं.

इंग्रजी उदाहरणं पाहून शिकलेले बहुतेक जण इथेच अडकतात. कॉम्प्युटरच्या लेखी प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. युनिकोडमध्ये 'क' 2325 आणि 'प' 2346. 'प'मध्ये एक मिळवला तर 'फ' येतो, म्हणून वाटतं की काम झालं. पण 'र'च्या पुढच्या घरात 'ल' नाही, तिथे 'ऱ' बसलेला आहे. 'न'नंतर 'प' येण्याआधी 'ऩ' येतो आणि 'ळ'नंतर 'ऴ'. ही दोन्ही अक्षरं मराठी माणूस कधी लिहीत नाही. आपल्या वर्णमालेत 'ळ' शेवटी, 'ह'च्या मागून येतो. युनिकोडने त्याला 'ल'च्या शेजारी बसवलं आहे.

शिवाय आपल्याला 'पोशेरा'त तीन अक्षरं दिसतात, तर कॉम्प्युटर सहा मोजतो, कारण काना आणि मात्रा यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. सगळ्यांत सरसकट एक मिळवला तर 'फौषैऱि' येतं. हे निदान वाचता तरी येतं. 'जव्हार'चं तेवढंही होत नाही. 'व'चा पाय मोडणारं हलन्त चिन्ह सरकून भलतंच चिन्ह होतं, 'ह'च्या पुढे तर व्यंजनच उरत नाही, आणि स्क्रीनवर ठिपक्यांची वर्तुळं उमटतात. मुलाला वाटतं आपलं चुकलं. चूक त्याची नसते, इंग्रजीसाठी शिवलेला अंगरखा मराठीला चढवलेला असतो.

यावर उपाय साधा आहे. क ते ळ ही 34 व्यंजनं आपल्या क्रमाने एका यादीत लिहायची. अक्षर यादीत सापडलं तर त्याच्या जागेत हवा तो आकडा मिळवायचा, बेरजेला 34 ने भागून उरलेली बाकी घ्यायची आणि त्या जागेवरचं अक्षर लिहायचं. जागा शून्यापासून मोजायच्या. यादीत नसलेलं चिन्ह जसंच्या तसं सोडायचं. एका घराने सरकवलं तर मोखाडा 'योगाढा' होतो आणि जव्हार 'झश्ळाल'. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांची वेगळी सोय लागत नाही, कारण ती जोडाक्षरं आहेत आणि 'ज्ञ' आपोआप 'झ्ट' होतो. 'ऱ'चा मात्र विचार करावा लागतो. 'पोशेऱ्यात' लिहिताना तो येतो, पण यादीत त्याला घर नाही. मी त्याला न हलवता तसाच ठेवतो.

गैरसमज : आकडा 13 च हवा.

13 हा इंग्रजी 26 अक्षरांचा निम्मा आकडा. दोनदा सरकवलं की मूळ मजकूर परत यावा, एवढाच त्याचा उपयोग. आपल्या 34 चा निम्मा 17.

गैरसमज : हे रोमन लोकांकडून आलं, आपल्याकडे असं काही नव्हतं.

ज्युलियस सीझर तीन घरं सरकवून पत्रं लिहायचा, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियसने नोंदवलं आहे. पण अक्षरांची अदलाबदल महाराष्ट्रातही झाली आणि तिचा वापर कितीतरी मोठा होता. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरवून दिलेलं दुसरं चिन्ह येतं. ती पंथातल्याच रवळोबासांनी घडवली असं मानतात. किल्ली पंथाबाहेर नव्हती, त्यामुळे मराठीतलं अत्यंत जुनं गद्य शतकानुशतकं पंथाबाहेरच्या वाचकांना बंद राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ही लिपी उलगडली आणि अभ्यासकांना ते दालन खुलं झालं. शाळेत कोडिंग शिकवताना सीझरच्या शेजारी ही हकीकत सांगितलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

मोडीला मात्र या रांगेत बसवू नये. जुने कागद वाचता येत नाहीत म्हणून मोडीला गुप्त लिपी म्हणणारे भेटतात. मोडी ही भरभर लिहायची, उघड कारभाराची लिपी होती. न येणं आणि लपवलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेलं पत्र दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो, त्यालाही हेच लागू. तो व्हायरस नाही आणि गुप्त संदेशही नाही. तो फाँट त्या कॉम्प्युटरवर नाही, इतकंच. युनिकोडमध्ये रूपांतर केलं की मजकूर वाचता येतो.

गैरसमज : सरकवलेला मजकूर सुरक्षित असतो.

'भोहेशा लोङाता धाषुघ्वाध आखे.' हे वाक्य तीन घरं सरकवलेलं आहे. शेवटचा शब्द पाहा. मराठीत वाक्याच्या शेवटी आ, मग एक व्यंजन आणि त्यावर मात्रा दिसली की पहिला तर्क 'आहे' हाच. 'ह'चा 'ख' झाला म्हणजे तीन घरं, आणि 'पोशेरा मोखाडा तालुक्यात आहे' हे क्षणात उलगडतं. हा तर्क सुचला नाही तरी एकूण 33 च शक्यता असतात, त्या हाताने तपासायला फार वेळ लागत नाही. सकळ लिपीसारखी वाटेल तशी अदलाबदल केली तर शक्यता अफाट वाढतात, तरी कोणतं अक्षर किती वेळा येतं हे मोजून वाट सापडते. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने ही मोजणीची रीत लिहून ठेवली आहे.

याउलट, बँकेचे व्यवहार ज्या एईएस पद्धतीने झाकले जातात, तिची संपूर्ण कृती 2001 पासून जाहीर आहे. गुप्त असते ती फक्त किल्ली, आणि सर्वांत लहान किल्लीच्याही शक्यता 2 चा 128 वा घात इतक्या.

म्हणून एटीएमचा पिन 'एक अंक पुढे सरकवून' पासबुकाच्या मागे लिहून ठेवू नका. चारही अंक सारखेच सरकवले तर दहा अंकांत फक्त नऊ शक्यता उरतात, आणि बहुतेक माणसं एक किंवा दोननेच सरकवतात.