जुना प्रोग्रॅम, नवा संगणक

नवा संगणक घरी आला की कौतुक ओसरायच्या आतच एक तक्रार हमखास ऐकू येते : "आमचा जुना प्रोग्रॅम यावर चालत नाही हो!" असे का होते, ते थोडक्यात पाहू.

कोणताही प्रोग्रॅम सारी कामे स्वतः करीत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर काढणे, कागद छापणे, यांसाठी तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे ठरलेल्या पद्धतीने मागणी करतो. ही पद्धत बदलली की जुन्याचे बोलणे नव्याला कळेनासे होते. मग मध्ये दुभाष्या लागतो. १९९५ साली 'विंडोज ९५' ने ३२ बिटांची पद्धत रूढ केली, तरी १६ बिटांचे जुने प्रोग्रॅम तिच्यावर चालत राहिले.

परंतु दुभाष्या फुकट पोसता येत नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्याची चाचणी घ्यावी लागते, सुरक्षेतील फटी बुजवाव्या लागतात. म्हणून कधीतरी त्याला निरोप मिळतो. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ३२ बिटांच्या प्रोग्रॅमांची सोय आहे, १६ बिटांची नाही. आणि २०२१ साली आलेली 'विंडोज ११' केवळ ६४ बिटांतच निघाली. ॲपलने २००६ साली 'रोझेटा' नावाचा दुभाष्या दिला, २०११ च्या 'लायन' मध्ये तो काढून घेतला. २०१९ च्या 'कॅटालिना' ने ३२ बिटांचे प्रोग्रॅमही बंद केले.

आम्हां रसायनशास्त्रज्ञांना हे नवीन नाही. प्रयोगशाळेतले महागडे उपकरण ठणठणीत असते, पण त्याचा प्रोग्रॅम जुन्या विंडोजचाच. मग तो म्हातारा संगणक नेटवर्कपासून तोडून कोपऱ्यात जपावा लागतो.

घरी मात्र प्रश्न मजकुराचा आहे. आईने सांगितलेल्या पाककृती, वंशावळ, मंडळाचे जुने अंक हे पुष्कळदा जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेले असतात. त्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉन्ट गेला की उरते ती अगम्य रोमन अक्षरांची रांग.

तेव्हा जुना संगणक सुरू होतो आहे तोवरच फाइली उघडा, पीडीएफ करून ठेवा, जमल्यास मजकूर युनिकोडमध्ये आणा. मूळ फाइल मात्र टाकू नका. डॉसचे बरेच प्रोग्रॅम 'डॉसबॉक्स' मध्ये विनामूल्य चालवता येतात. अडचण आल्यास पुढच्या कार्यक्रमाला फाइली घेऊन या. आम्ही कार्यकर्ते मदतीला आहोतच. प्रोग्रॅम दुसरा मिळेल, आईच्या शब्दांतली पाककृती मिळणार नाही.