झेनॉनच्या तीन पेट्या

चाकणच्या मशीन शॉपमध्ये धातू कापणाऱ्या व्हीएमसी यंत्राचा स्पिंडल आठ-दहा हजार आरपीएमला गेला, तरी पुष्कळ झाले म्हणतात. फोर-यू १७२८-३४ या ताऱ्यांच्या जोडीतला न्यूट्रॉन तारा त्या हिशेबाने २१,७८० आरपीएमवर चालतो. सेकंदाला ३६३ फेऱ्या. आकार एखाद्या शहराएवढा, वजन मात्र सूर्याहून जास्त.

शेजारच्या साध्याशा ताऱ्याचा वायू तो ओढून घेतो. खाली पडताना हा वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण सोडतो. पृष्ठभागावर साचलेला थर अधूनमधून भडकतो. तो तळपता डाग फिरत समोर येतो, आड जातो. ही लय १९९६ मध्ये अमेरिकेच्या आरएक्सटीई उपग्रहाने पकडली. तो २०१२ मध्ये बंद झाला. मार्च २०१६ मध्ये तीच लय पुन्हा सापडली, ती कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेत घडवलेल्या ‘लॅक्सपीसी’ या उपकरणाला.

क्ष-किरण वातावरणातच अडतात, म्हणून हे उपकरण इस्रोच्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावर बसवून २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ६५० किलोमीटर उंचीवर पाठवले. तीन पेट्या, प्रत्येकीत वातावरणाच्या दुप्पट दाबाने भरलेला, मुख्यतः झेनॉन वायू. किरण अणूवर आदळला की इलेक्ट्रॉन सुटतो, हाय व्होल्टेजच्या तारेकडे धावताना आणखी कितीतरी सोडवतो आणि तारेवर विजेचा ठोका उमटतो. ठोका मोठा, तर किरणाची ऊर्जा जास्त. वायूत जरासा ऑक्सिजन शिरला तरी इलेक्ट्रॉन वाटेतच गिळले जातात. म्हणून वायू गाळायची सोयही सोबत पाठवली.

चित्र निघत नाही. किरण कधी आला, तेवढे १० मायक्रोसेकंदांपर्यंत टिपले जाते. कौतुक या घड्याळाचेच जास्त होते. खरी कमाई मात्र सुमारे ६,००० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाची. सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजण्याइतके किरण पडलेच नाहीत, तर घड्याळ बारीक असून करायचे काय?

वायूवर चालणाऱ्या यंत्राला गळतीचे दुखणे असतेच. त्यापायी २०१८ मध्ये तिसरी पेटी बंद करावी लागली, पहिलीही बिनसली. तेव्हापासून बहुतेक भिस्त मधल्या पेटीवर, म्हणजे लॅक्सपीसी-२० वर.

लॅक्सपीसीची जुनी निरीक्षणे इस्रोच्या संग्रहातून कुणालाही उतरवून घेता येतात. ती कशी हाताळायची, हे सांगायला पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत मदत कक्ष आहे. निगडी-आकुर्डीच्या विद्यार्थ्याला तो काही लांब नाही. फाइल उघडल्यावर पहिले काम मात्र ताऱ्याचे नसते: अवकाशातले भटके कण पेट्यांवर आदळून जी खोटी मोजणी वाढवतात, ती आधी वजा करावी लागते.